परसबाग वर्ग, फोंडा तालुका : चतुर्थीपासून उलटी मोजणी

४ मे २०२५, रविवार

पहिली बैठक झाली. जागा मिळाली ती म्हार्दोळच्या अलीकडे, वाचनालयाच्या मागच्या आवारात. चिऱ्यांचा गडगा, विहीर, दोन माड, सकाळी अकरापर्यंत चांगले ऊन. नावे दिलेल्यांपैकी निम्मे फोंड्यात फ्लॅटमध्ये राहणारे, निम्मे वाड्यांवरचे. फ्लॅटवाल्यांकडे गॅलरी आणि उत्साह आहे. वाड्यावरच्यांकडे जागा आहे, पण माती चार बोटे आणि खाली सरळ जांभा.

मास्तरांनी अभ्यासक्रम लिहून आणला होता: आधी माती, मग खत, मग बी, मग कीड, शेवटी काढणी. सुवाच्य अक्षर, समासासकट. मी विरोध केला. गोव्यात विषयवार शिकवत बसले की किडीचा धडा येईपर्यंत कीड जेवून उठलेली असते. त्यापेक्षा प्रत्येकाला विचारले, तुम्हाला नक्की काय पिकवायचे आहे? उत्तरे वेगवेगळी असली तरी ओढ एकीकडेच होती. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगतात त्या चौकटीला, घरचे काहीतरी लागले पाहिजे, मग भोपळा असो की चार भेंड्या.

म्हणून ठरले की चतुर्थीपासून मागे मोजायचे. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला. तांबड्या भोपळ्याला तीन महिने लागतात, म्हणजे तो मेअखेर जमिनीत जायला हवा. चिबुडाला अडीच महिने, जूनचा पूर्वार्ध. दोडका आणि पडवळ दोन महिन्यांत देतात, जूनचा तिसरा आठवडा. भेंडीला पन्नास-पंचावन्न दिवस धरा, म्हणजे जूनअखेर. काकडी सगळ्यांत घाईची, जुलैचा पहिला आठवडा चालतो. पातोळ्यांसाठी हळदीची पाने तर त्याआधीच लागतात, यंदा नागपंचमी २९ जुलैला आहे. म्हणून हळकुंडे याच महिन्यात लावायची. मास्तरांनी हे सगळे वहीत उलट्या क्रमाने उतरवले आणि आपला अभ्यासक्रम घडी घालून खिशात ठेवला. रागावले नाहीत. दुसऱ्या भागात, वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या हंगामाला), त्यांचाच क्रम कदाचित उपयोगी पडेल.

११ मे, रविवार

माती. आवारातली माती एला, जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत तपासायला द्यायची ठरली. तोवर साध्या पट्टीने सामू (पीएच) पाहिला, पाच आणि साडेपाचच्या मध्ये कुठेतरी. नवल नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस या उतारांवरून जातो आणि जाताना चुनखडी, मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे राहते ते लोह आणि ॲल्युमिनियम. ती दोन्ही स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, झाडाला मिळू देत नाहीत. म्हणून शेणखत घालूनही वेल पिवळट राहतो आणि लोक बियाणेवाल्याला शिव्या देतात.

शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळायचा. शेणखताबरोबर एकाच दिवशी घालायचा नाही, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. पानाच्या डब्यातला चुना चालेल का, असे एका काकांनी विचारले. तो फार तिखट, मुळे भाजतील. चुलीची राख मात्र चालते, थोडी थोडी. तिच्यात पालाशही (पोटॅशही) असते.

१६ मे, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गर्दी: सुकी मासळी, मिरच्या, कोकमे, कांद्याच्या माळा. कडेला बसलेल्या बायकांकडून गावठी बी घेतले: काकडी, दोडका, तांबडा भोपळा, सात शिरांची भेंडी. या भेंडीला आता भौगोलिक मानांकन आहे. वीतभर लांब होते तरी कोवळी राहते, आणि एवढ्यासाठीच मी संकरित भेंडीच्या पाकिटावर पैसे घालायला तयार नाही. मिरचीचे बी घेतले नाही. खोला गावच्या मिरचीला काणकोणचे डोंगरउतार लागतात, पावसाचे पाणी क्षणभरही थांबत नाही असे. आपल्या आवारात ती जून-जुलैत कुजेल.

२२ मे, गुरुवार

परवापासून पाऊस. मेचा वळीव नव्हे, ओतणारा. वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरून केलेले होते.

२५ मे, रविवार

मॉन्सून केरळात काल पोचला आणि आज आपल्याकडे. केरळात इतक्या लवकर तो २००९ नंतर आलेला नाही. वर्ग व्हरांड्यात घेतला, पत्र्यावर आवाज इतका की ओरडून बोलावे लागले. त्यातून एक बरे झाले. पाणी कसे काढायचे हा धडा मी जूनसाठी ठेवला होता, तो आज डोळ्यांसमोर वाहत होता.

आवारात खाली खोलगट जागेत कोणी वाफा करणार होते, तिथे पोटरीभर पाणी. सगळ्यांना छत्र्या घेऊन तिथे नेले. वेलभाज्यांसाठी आळे खणायचे नाही, उलट मातीचा उंचवटा करायचा, वीतभर तरी, आणि बी त्याच्या माथ्याच्या जरा खाली. आळे उन्हाळ्यासाठी. वाड्यावरच्या मामींना हे सांगायची गरज नव्हती, त्यांनी तोवर फावडे घेऊन चर काढायला सुरुवात केली होती.

कुंडीवाल्यांसाठी मिश्रण बदलले. पुस्तकात माती, खत, कोकोपीट सारख्या प्रमाणात देतात. कोकोपीट कोरड्या मुलखासाठी ठीक. इथे जुलैत ते पाणी धरून बसते आणि मुळे गुदमरतात. आपले प्रमाण: लाल माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग, भाताचा तूस अर्धा भाग, कोकोपीट हवेच तर मूठभर. तूस गिरणीवर पोत्याने मिळतो. ग्रो बॅगला खाली छिद्रे असतातच, पण ती टाइल्सवर सपाट बसली की बंद होतात. दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवा. फोंड्यातल्या एका वहिनींनी लगेच फोनवरून घरी सांगितले, मुलाने पिशव्या उचलून विटांवर ठेवल्या आणि खालून पाणी आल्याचा फोटो पाठवला. वर्गात टाळ्या.

भोपळ्याचे बी आज लागले. एवढ्या पावसात थेट नाही, नारळाच्या करवंट्यांत, व्हरांड्यात. दोन पाने फुटली की बाहेर.

८ जून, रविवार

मोरचूद-चुन्याचे मिश्रण, म्हणजे बोर्डो. कुळागरवाले, म्हणजे सुपारीच्या बागांवाले, पोफळीवर कोळेरोगासाठी (फळकुजीसाठी) हे पाऊस लागायच्या आधी मारतात आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा. यंदा पहिल्या फवारणीला उघडीपच मिळाली नाही म्हणून सावईवेऱ्याकडचे दोघेतिघे वैतागलेले. आपल्याला घरच्या मिरीच्या आणि पानाच्या वेलीपुरते लिटर-दोन लिटर करायचे होते.

हे सावकाश करून दाखवले, कारण तोंडी सांगून कळत नाही. दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात नाही. दहा ग्रॅम कळीचा चुना आधी विरवून, मग दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात धारेने ओतायचे आणि काठीने हलवत राहायचे. रंग आकाशी, दुधट. मग परीक्षा: कोयत्याचे पाते घासून लख्ख करायचे आणि मिश्रणात मिनिटभर बुडवायचे. वर काढल्यावर पाते जसेच्या तसे निघाले तर ठीक. पहिल्या बादलीत पात्यावर तांबूस थर आला, तांबे चढलेले. म्हणजे चुना कमी, पाने जळणार. चिमूटभर चुन्याचे पाणी घातले, हलवले, पुन्हा बुडवले. तिसऱ्यांदा पाते स्वच्छ निघाले. एका कॉलेजच्या पोराने विचारले, हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत का दाखवत नाहीत. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही.

२२ जून, रविवार

दोडका, पडवळ लावले. मांडवासाठी कोणी नायलॉनची जाळी आणली, कोणी सुरूच्या काठ्या. मामींच्या घरी पोफळीच्या फाळ्या. जाळी स्वस्त पडते हे खरे, पण वेल सुकल्यावर ती सोडवताना नाकीनऊ येतात.

भेंडीचे बी शनिवारी रात्री भिजत घालून पुढच्या रविवारी आणा असे सांगितले.

६ जुलै, रविवार

काकडी पेरली. त्याहून मोठा विषय गोगलगायी. आफ्रिकन, मुठीएवढ्या. रात्री टॉर्च घेऊन निघालात तर गडग्यावर रांग दिसते. भेंडीचे कोवळे शेंडे एका रात्रीत साफ. कोणी मीठ शिंपडायला निघाले होते. मातीत मीठ नको, भाजीच मरेल. ओले पोते पसरून त्याखाली पपईची पाने ठेवायची, पहाटे पोते उलटून सगळ्या गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालूनच, यांच्या अंगात माणसाला बाधणारा कृमी असू शकतो. मुलांना उचलायला लावू नये. हे दोनदा सांगितले, कारण पोरे शंख गोळा करायला टपलेलीच होती.

व्हरांड्यातल्या वांग्याच्या रोपांची ट्रे कोलमडली. मातीलगत देठ काळा पडून रोप आडवे. पावसाळी हवेत दाट पेरले आणि वरून पाणी घातले की हे होतेच. ट्रायकोडर्मा (उपकारक बुरशी) मिसळलेले शेणखत, विरळ पेरणी, पाणी सकाळी एकदाच. तशीही वांग्यांची घाई नव्हती, त्यांचे दिवस ऑक्टोबरात.

२० जुलै, रविवार, संध्याकाळ

आजचा वर्ग मुद्दाम साडेपाचला. कारण दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. दोघातिघांची तक्रार होती की फुले खूप, दोडका एकही नाही. सकाळी उठून पाहतात तेव्हा फुले मिटलेली असतात, आणि सततच्या पावसात रात्री फिरणारे पतंगही कमी.

सगळे वेलीखाली उभे राहिलो. पाऊस नेमका थांबला. आधी नर आणि मादी ओळखायला शिकवले. नर फुले घोसाने येतात, देठ बारीक. मादी फूल एकटे आणि त्याच्या बुडाशी करंगळीएवढा दोडका आधीच दिसतो, शिरांसकट. सहा वाजायच्या सुमारास पाकळ्या सुटायला लागल्या. नर फूल तोडायचे, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि परागाचा पिवळा भाग मादीच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. मास्तरांनी चष्मा वर करून तीन फुले केली, देठाला लाल दोरा बांधून ठेवला. काकडी आणि भोपळा मात्र सकाळी उमलतात, त्यांना आठ-नऊच्या आत.

फागलांचा (करटोल्यांचा) प्रश्नही निघाला. एका ताईंनी रानातून कंद आणून लावला होता, वेल गडगा भरून गेला, फुले येतात, फळ नाही. मामींनी जाऊन बघितले आणि म्हणाल्या, "बाय, हो वेल दादलो मरे. ताका फळ खंयचें?" फागलाचे नर-मादी वेल वेगळे असतात. ज्या वेलाला फळ धरलेले डोळ्यांनी पाहिले, त्याचाच कंद आणायचा, आणि जवळ एखादा नर हवा. ताईंचा वेल फुकट गेला नाही, शेजारी मादी लावता येईल पुढच्या वर्षी.

हळदीची पाने पातोळ्यांना पुरतील.

३ ऑगस्ट, रविवार

काकड्या वाकड्या, बुडाशी डंख आणि आत अळ्या. फळमाशी. बऱ्याच जणांनी सापळे लावलेले, माश्याही मेलेल्या, तरी काकडी सडतेच. सापळे तपासले तर त्यात मिथाइल युजेनॉलची वडी. ती आंब्याच्या फळमाशीला ओढते. काकडी-दोडक्यावरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर लागते. दुकानात "फळमाशीचा सापळा द्या" म्हटले की हाताला येईल तो देतात. कोणत्या पिकावर, ते सांगून घ्या. आणि दोन्ही वड्यांना नरच येतात. म्हणून किडकी काकडी वेलीखाली टाकून ठेवली तर सापळ्याचा उपयोग शून्य. पिशवीत बंद करून उन्हात ठेवायची, ऊन नसेल तर खोल पुरायची. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधली तर बाकी काही नको, पण पावसात कागद टिकत नाही, म्हणून जुन्या साडीचे तुकडे.

२४ ऑगस्ट, रविवार

वर्ग नाही. सगळे घरी रंगकामात. दोन भोपळे, दोडके, भेंडी, काकड्यांची टोपली आवारातून वाटली. माटोळीचे रानातले सामान, कांगणे, माट्टी, कवंडळ, घागऱ्यो, ते ज्याचे त्याने आणायचे. ते बागेत लावायचा प्रस्ताव आला होता, मी बाजूला ठेवला. वर्गापुरती ती वेगळी गोष्ट आहे. रान राहिले तर ते मिळेल.

१४ सप्टेंबर, रविवार

बी धरणे. भेंडी झाडावरच सुकू द्यायची, शेंग तडकायच्या आत काढायची. काकडी पिवळीजर्द होऊन मऊ पडेपर्यंत ठेवायची, गर दोन दिवस आंबवून बी धुऊन सावलीत वाळवायचे. मास्तरांच्या लाल दोऱ्याच्या दोडक्यांपैकी दोन धरले होते, तेच बियांसाठी राखले. मात्र आवारात एकाच जातीचा दोडका होता म्हणून हे चालले. दोन जाती शेजारी असतील तर मादी कळी आदल्या दिवशीच दोऱ्याने बांधून ठेवावी लागते, नाहीतर कोणाचे पराग कुठे, पत्ता लागत नाही.

बाटल्यांत बियांबरोबर कोरडी राख. पावसाळी दमटपणात हे नसेल तर बुरशी नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार

वायंगण सुरू. रोपवाटिका: वांगी, मिरची, नवलकोल, कोबी. वांग्याचे बी अगशीचे, हेही मानांकनवाले. पण खरा प्रश्न मर रोगाचा. गेल्या हंगामात एका काकांची फळाला आलेली झाडे हिरवीच्या हिरवी एका दुपारी माना टाकून बसली. त्यांनी त्यातले सुकलेले एक खोड जपून आणले होते, पण परीक्षेला ताजे लागते. शेजारच्या मळ्यातून नुकतेच मान टाकलेले झाड मिळाले. खोड तिरके कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगले. थोड्या वेळाने कापल्या जागेतून पांढरा, दुधट धागा खाली उतरताना दिसला. ते जिवाणू. यावर औषध मारून उपयोग नाही. त्या जागी दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची नको. चुना, निचरा, आणि एलाच्या संस्थेने काढलेले मर सहन करणारे वाण. काकांनी विचारले, मग मी काय लावू त्या वाफ्यात? मका, अळसांदे (चवळी), तांबडी भाजी (लाल माठ). ते फार खूश झाले नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली, नरकासुर जाळले, आणि पाऊस अजून आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. रोपे प्लास्टिकच्या छपराखाली. वर्ग पुढे ढकलला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तांबडी भाजी पेरली. बी इतके बारीक की हाताने फेकले तर एकीकडे ढीग, दुसरीकडे टक्कल. एक मूठ बियांत चार मुठी कोरडी वाळू मिसळून फेकायचे, आधी उभे, मग आडवे. वरून माती नको, फक्त हात फिरवायचा. मुंग्या बी उचलून नेतात, त्यांच्यासाठी वाफ्याच्या कडेने तांदळाच्या कण्या टाकायच्या, त्या तिकडेच गुंततात. पंचवीस-तीस दिवसांत भाजी. बाजारात मुळासकट जुडी मिळते, पण घरी वरून खुडली तर पुन्हा फुटते.

अळसांदेही आजच. भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर लोक शेतात टाकतात, आपण वाफ्यात. नत्राचे खत नाही, दिले तर पानेच पाने. फ्लॅटवाल्यांपैकी कोणाला अळसांद्यांचा वेल गॅलरीत चढेल का हे बघायचे होते. चढेल, पण एका कुंडीत तोणाकापुरतेसुद्धा (एका रस्सा भाजीपुरतेसुद्धा) दाणे येणार नाहीत, हे आधीच सांगितले.

२१ डिसेंबर, रविवार

पाणी. विहीर अर्ध्यावर. आता आळी खणायची, उंचवटे मोडायचे. माडाच्या सोडणांचा (नारळाच्या सालांचा) गड्डा: चर खणून सोडणे आतली बाजू वर करून रचायची, वर माती. ओल आठवडाभर टिकते. वाफ्यावर चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) आच्छादन. संध्याकाळी पाणी घालणाऱ्यांच्या नवलकोलवर बुरशी आली, सकाळी घालणाऱ्यांच्या नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

पुढच्या पावसाळ्याचे नियोजन. पंचांग उघडल्यावर सगळे गडबडले. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबरला. मागच्यापेक्षा अठरा दिवस उशिरा. उलटी मोजणी केली तर भोपळा जूनच्या मध्यावर, दोडका-पडवळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भेंडी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आणि काकडी जुलैअखेर. पाऊस मात्र पंचांगातला अधिक मास पाळत नाही. जुलै हा आपला सर्वांत ओला महिना, आणि नेमके तेव्हाच कोवळे बी मातीत जाणार.

मामींचे म्हणणे, नेहमीच्या वेळीच लावा, जे टिकेल ते टिकेल. मास्तरांचे म्हणणे, तारखा पाळा. माझे मत तिसरे आणि तेच शेवटी ठरले. भोपळा नेहमीप्रमाणे मेअखेर, कारण तो पिकल्यावर महिनाभर सहज टिकतो, वेलीवरून काढून माळ्यावर ठेवला की झाले. भेंडी, दोडका दोन पाळ्यांत, अर्धे जूनअखेर खाण्यासाठी, अर्धे जुलैत माटोळीसाठी. जुलैची सगळी रोपे करवंट्यांत व्हरांड्याखाली, तीन पाने आल्यावरच उंचवट्यावर. भेंडीला मुळे हललेली खपत नाहीत, म्हणून तिच्या करवंटीला बुडाशी मोठे भोक पाडायचे आणि फोडूनच लावायची.

करायचे: करवंट्या जमवणे (घरटी वीस तरी). चुना एप्रिलअखेर, मेच्या पावसाची वाट न बघता. क्यू-ल्यूरच्या वड्या जुलैआधी, एकत्र मागवणे. व्हरांड्याला पश्चिमेकडून ताडपत्री, कारण झडीत पाणी आत येते. फागलाचा मादी कंद: मामी बघतो म्हणाल्या आहेत.